बाँड तोच, डेंटिन वेगळं

तुमचा प्रश्न असा, की दाढेत वर्षानुवर्षं टिकणारं काँपोझिट (दातरंगी भराव) तोच बाँड (भराव चिकटवणारं द्रव) वापरूनही दाताच्या मानेजवळच्या, म्हणजे हिरडीलगतच्या, झिजेत काही महिन्यांतच सुटतं, तर बाँड बदलावा का? माझ्या मते नको. आधी डेंटिन, म्हणजे इनॅमल या बाहेरच्या कठीण आवरणाखालचा थर, बघा.

झिजलेल्या जागी ते बहुधा पिवळट-तपकिरी, काचेसारखं चकचकीत असतं आणि प्रोब (तपासायची टोकदार सळई) त्यावरून घसरतो. हे स्क्लेरोटिक डेंटिन. डेंटिनमधल्या सूक्ष्म नलिका खनिजाने बुजलेल्या, वरून अतिखनिजयुक्त थर. सौम्य सेल्फ-एच (वेगळं आम्ल न लावता स्वतःच दात कोरणाऱ्या) बाँडचा पीएच २ च्या आसपास असतो, त्याला हा थर नीट भेदता येत नाही. म्हणून बारीक डायमंड बरने हलकेच खरवडा, चमक गेली की थांबा. इनॅमलच्या कडेवर ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल १५ ते ३० सेकंद ठेवून धुवा. मग १०-एमडीपी (दातातल्या कॅल्शियमला चिकटणारा रेणू) असलेला बाँड २० सेकंद चोळून लावा, नुसता फासू नका. नंतर हवा मारा. बाँडचा थर हलायचा थांबेपर्यंत मारायची, कारण विद्रावक (बाँड पातळ ठेवणारं द्रव) आत राहिला तर बाँड नीट घट्ट होत नाही.

किडीखालच्या डेंटिनची गोष्ट उलटी. मऊ, ओला, संसर्ग झालेला भाग काढायचाच. त्याखालचं किडीने बाधलेलं डेंटिन पल्प (दाताच्या आतला जिवंत, नसांचा भाग) वाचवायला ठेवावं लागतं, पण ते सच्छिद्र आणि पाणीदार असतं. तिथे संकरित थर (बाँडचं रेझिन डेंटिनमध्ये मुरून बनलेला) जाड होतो, तरी कमजोर असतो. पकड कडेनेच मिळवायची: सगळीकडून १ ते २ मिमी निरोगी इनॅमल-डेंटिन मोकळं करा.

खोल डेंटिनमध्ये पाणी पल्पकडूनच येतं. इनॅमलजवळ प्रति चौरस मिमी साधारण २०,००० नलिका असतात, पल्पजवळ ४५,००० च्या वर, आणि त्या रुंदही. तिथे आम्ल १५ सेकंदांपेक्षा जास्त ठेवलं तर कोलॅजन (डेंटिनमधले प्रथिनाचे तंतू) खोलवर उघडं पडतं, पण रेझिन तळापर्यंत पोचत नाही. एच केलेलं (आम्ल लावून धुतलेलं) डेंटिन खडखडीत वाळवलं तर कोलॅजनची जाळी कोसळून बसते. तसं झालंच तर ओल्या मायक्रोब्रशने पुन्हा ओलं करा, साचलेलं पाणी तेवढं टिपून घ्या.

मानेजवळ आणखी एक शत्रू म्हणजे हिरडीतून पाझरणारा द्रव. रिट्रॅक्शन कॉर्ड (हिरडी बाजूला सारणारा दोरा) किंवा रबर डॅमशिवाय (दात वेगळा, कोरडा ठेवणारा रबरी पडदा) बाँडची बाटली उघडूच नये. क्युअर केलेल्या (प्रकाशाने घट्ट केलेल्या) बाँडला लाळ लागलीच, तर धुवा, वाळवा, बाँडचा नवा थर लावून पुन्हा क्युअर करा. नुसतं पुसून पुढे जाऊ नका.