'शिसेयुक्त कथील-कासे' म्हणावे का?

पंपाच्या माहितीपुस्तिकेचे मराठी करणाऱ्या एकाला बुशाच्या, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती (शाफ्टभोवती) बसणाऱ्या नळीच्या, धातूपाशी 'लेडेड टिन ब्रॉन्झ' आडवे आले. त्याने 'शिसेयुक्त कथील-कासे' लिहिले. चालेल का, असा प्रश्न आहे.

चूक नाही, पण यातले 'कथील' पिवळ्या पितांबरासारखे झाले. कासे म्हटले की तांबे आणि कथील आलेच. इंग्रजीतला 'ब्रॉन्झ' मात्र भलताच ऐसपैस. कथिलाचा कणही नसलेल्या, ॲल्युमिनियम मिसळलेल्या तांब्यालाही तिकडे ब्रॉन्झच म्हणतात, म्हणून 'टिन' मुद्दाम सांगावे लागते.

मग नुसते 'शिसेयुक्त कासे'? तेही मला खटकते. कासे म्हटले की डोळ्यांपुढे येते तळपायाला तूप चोळायची वाटी. तिच्यात कथील वीस-बावीस टक्के, म्हणून ती कडक, ठिसूळ, आणि टिचकी मारली की निनादणारी. बुशाचे काम नेमके उलटे. एसएई या अमेरिकी संस्थेच्या यादीतला ६६० क्रमांकाचा नेहमीचा प्रकार घ्या: तांबे ८३ टक्के, कथील ७, शिसे ७, जस्त ३. हे शिसे तांब्यात विरघळत नाही. ओतीव थंड होताना त्याचे बारीक थेंब जागोजागी अडकून राहतात. पंप सुरू होताना तेल अजून नीट पसरलेले नसते, तेव्हा हेच मऊ शिसे शाफ्टला माखून घासणे कमी करते. बारीक कचरा आला तर तोही त्यात रुततो, शाफ्ट ओरखडत नाही. लेथवर कीस भुरभुर पडतो, लांब वळ्या होत नाहीत, टर्नर खूश. ताकद मात्र घटते आणि नाद तर जातोच. शिवाय शिसे विषारी, त्यामुळे ताटवाटीशी याचा संबंध नको. नावातही नको, असे माझे मत.

वर्कशॉपात याला सरसकट 'गनमेटल' म्हणतात. तांबूस ओतीव बुश दिसला की गनमेटल! पण मूळचे गनमेटल म्हणजे तांबे ८८, कथील १०, जस्त २. शिसे त्यात घालत नाहीत. पुस्तिकेत तेवढेच लिहिले तर दुकानदार भलताच बुश हातात ठेवायचा.

मी 'शिसेमिश्रित ब्रॉन्झ, एसएई ६६०' असे लिहीन. कासे भांड्याला राहू दे, कांस्य पदकाला.

आणि पुढच्या पानावर 'कासेचा बुश' झाले आहे. शिसे-शिशाचा, तसे कासे-काशाचा.