आधी बटण कापून बघ

अगं, तुझा मेल काल रात्रीच वाचला. एमटेकला दातांच्या इम्प्लांटसाठी टायटॅनियम-नायोबियम अलॉय घेतलंस, खरंच आनंद झाला. पण प्रपोजलभर एकच धोशा, मॉड्युलस, म्हणजे धातूचा ताठपणा, कमी करायचा, कमी करायचा, आणि तिथेच तुला जरा थांबवायचंय.

मुद्दा खोटा नाहीये. ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियमवालं नेहमीचं अलॉय मुळात विमानांसाठी आलं, त्याचा मॉड्युलस ११० गिगापास्कलच्या आसपास आणि हाडाच्या कडक थराचा १० ते ३०, म्हणजे चावताना भार बराचसा धातूच घेतो, हाडाला कामच उरत नाही. म्हणूनच जपानमध्ये निइनोमी या संशोधकांनी नायोबियम, टँटलम, झिर्कोनियम घालून ६५ च्या आसपासचं बीटा अलॉय केलं (बीटा म्हणजे टायटॅनियमच्या अणूंची एक वेगळी रचना). पण बीटा तसंच ठेवलं की ताकद कमी पडते, ताकदीसाठी एजिंग केलं, म्हणजे बराच वेळ मध्यम तापमानाला तापवून ठेवलं, की मॉड्युलस परत वर जातो, त्यात ओमेगा फेज नावाचे बारीक कण जास्त झाले तर ठिसूळ. आणि इम्प्लांट जितका बारीक तितकं त्याला फटीगला, म्हणजे पुन्हापुन्हा पडणाऱ्या भाराला, टिकणं जास्त गरजेचं, कारण माणूस रोज जेवतो गं.

आता मेल्टिंगचं. टायटॅनियम १६६८ डिग्रीला वितळतं, नायोबियम २४७७ ला, शिवाय वजनाला जवळजवळ दुप्पट, त्यामुळे भट्टीतल्या विजेच्या आर्कखाली टायटॅनियमचं पाणी झालेलं असतं आणि नायोबियम तळाशी तसाच बसलेला. माझ्या पहिल्या वर्षी मी बटण, म्हणजे वितळवून थिजलेला अलॉयचा छोटा गोळा, तीनदाच पलटून वितळवलं, वरून आरशासारखं चकचकीत, रीडिंग्जही मनासारखी, दोन महिने त्यावर घातले आणि मग एकदाचं कापून, पॉलिश करून क्रॉलच्या द्रावणात एच केलं, म्हणजे आतली रचना दिसावी म्हणून ॲसिडने हलकंसं खरवडलं, तर मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा नायोबियम, तस्साच्या तस्सा! सगळी रीडिंग्ज टाकून द्यावी लागली, त्या रात्री जेवण गेलं नाही. म्हणून तू नायोबियमचे ठोकळे घेऊ नकोस, पातळ पत्र्याचे तुकडे घे, आणि निदान पाच-सहा वेळा पलटून वितळव. दरवेळी आधी गेटरचं, म्हणजे बाजूला ठेवलेला टायटॅनियमचा वेगळा तुकडा, वितळवायचं, चेंबरमधला उरलासुरला ऑक्सिजन ते खातं. बटणावर पिवळट-निळसर झाक दिसली तर लीक शोध, पुढे जाऊ नकोस.

क्रॉलमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी असल्याशिवाय बाटली उघडायची नाही, यात मी काही ऐकून घेणार नाही.

आणि हेच फ्लोराइड पेशंटच्या तोंडातही जातं, टूथपेस्टमधून, डेंटिस्टकडच्या जेलमधून. टायटॅनियमला वाचवणारा ऑक्साइडचा थर जेमतेम काही नॅनोमीटरचा, आंबट वातावरणात फ्लोराइड तोच खातं, तेव्हा करोजनची (गंजण्याची) टेस्ट नुसत्या कृत्रिम लाळेत करून थांबू नकोस, फ्लोराइड घालून पीएच उतरवूनही कर. तुझ्या प्रपोजलमध्ये हे कुठेच नाहीये, ते आजच घाल.

पहिलं बटण कापलंस की पॉलिश केलेल्या कापाचा फोटो पाठव. रीडिंग्ज नंतर बघू.

तुझा,
सर