पट्ट्यांची आंबट गोळी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लहानपणी बरणीतून काढून मिळायची तशी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची आंबट गोळी घरी करून पाहिली. पाक 150 अंशांपर्यंत नेला, लिंबूसत्वही घातलं. पण दुसऱ्या दिवशी सगळ्या गोळ्यांचा एकच गोळा झाला. काय चुकलं?

उत्तर : लिंबूसत्व केव्हा घातलंत ते लिहिलेलं नाही, पण आमचा संशय तिथेच आहे. उकळत्या पाकात आम्ल पडलं की साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि हे फ्रुक्टोज हवेतला ओलावा भराभर शोषून घेतं. म्हणून आंबटपणा शेवटी आणायचा.

500 ग्रॅम साखर, 160 ग्रॅम लिक्विड ग्लुकोज आणि 160 मिली पाणी जाड बुडाच्या भांड्यात घ्या. 150 अंश सेल्सिअसला आच बंद करा आणि भांड्याचं बूड क्षणभर गार पाण्यात टेकवा, नाहीतर पाक स्वतःच्याच उष्णतेने पुढे शिजत राहतो. बुडबुडे बसले की रंग घाला. तेलाचा हात फिरवलेल्या संगमरवरी फरशीवर किंवा स्टीलच्या मोठ्या ताटात ओता. कडा घट्ट व्हायला लागल्या की उलथन्याने आत दुमडत राहा. आता अर्काचे थेंब आणि 5 ग्रॅम बारीक कुटलेलं लिंबूसत्व. अर्क आधी घातलात तर घरभर वास सुटेल, गोळीत मात्र उरणार नाही.

थर्मामीटरही तपासा. उकळत्या पाण्यात तो 98 दाखवत असेल, तर पाक 148 ला उतरवायचा. मग दोष थर्मामीटरचा असो की गाव उंचावर असल्याचा. खात्रीसाठी थेंब गार पाण्यात टाकून मोडून बघा. काडकन तुटला पाहिजे. वाकला किंवा दाताला चिकटला तर पाक कच्चा आहे.

गोळ्या पूर्ण गार होताच एकेक कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर त्यांना घाम फुटतो. आणि पावसाळी दमट दिवशी हा घाट न घातलेलाच बरा.

प्रश्न : पाक ओतता ओतताच त्याची रवाळ साखर झाली. वाचवता येतो का?

उत्तर : येतो. वाटीभर पाणी घालून पुन्हा पूर्ण विरघळवा आणि पहिल्यापासून आटवा. बहुतेक वेळा भांड्याच्या कडेला चिकटलेले चार दाणे आत पडतात आणि त्यांच्याभोवती सगळा पाक साखरतो. उकळी येताच दोन-तीन मिनिटं झाकण ठेवा, म्हणजे वाफ कडा धुऊन काढते. त्यानंतर ढवळायचं नाही. ग्लुकोज वगळलं असेल तर हे होणारच.

प्रश्न : पांढऱ्या पट्टीसाठी कोणता रंग वापरायचा?

उत्तर : कोणताच नाही, ती हवा असते. रंग घालण्याआधी पाकाचा पाव भाग वेगळा काढा. हातमोजे घालून धरवेल इतका निवला की ओढा, दुमडा, पुन्हा ओढा. आधी तो रेशमासारखा चमकतो, मग दुधाळ होतो, तिथेच थांबा. जास्त ओढलात तर चमक जाऊन खडूसारखा भुसभुशीत होतो. लाल भाग तोवर मंद गरम ओव्हनच्या तोंडाशी मऊ ठेवा. जोडीला कुणीतरी हवंच, एकट्याने दोन्ही सांभाळताना एक हमखास कडक होतो. जवळ गार पाण्याचं पातेलंही असू द्या, कारण हा पाक कातडीला चिकटून भाजत राहतो.

लाल लोडावर पांढऱ्या पट्ट्या दाबून बसवा, सगळं एकत्र ओढून बोटभर जाडीची दोरी करा आणि तेल लावलेल्या कात्रीने कापा. दर कापाला दोरी पाव वळसा फिरवलीत, की जुन्या गोळीचा तो उशीसारखा तिरपा आकार येतो.