फॉस्टर पालक व्हायचंय? आधी एवढंच बघा

ताई, फॉस्टर पालक म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणारे. अर्जाआधी घरात सगळ्यांशी बोला, सासूबाईंशीसुद्धा. अर्जानंतर घर बघायला येणारे कर्मचारी त्यांनाही विचारतात आणि तिथेच पुष्कळांचं अडतं. नवे पडदे, पोहे-बिहे काही नको. कर्ज, आजारपण, असेल ते सरळ सांगा.

चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात करा. मूल कोणाकडे द्यायचं हा निर्णय बालकल्याण समितीचा. पोलीस पडताळणी आणि वैद्यकीय दाखल्याच्या मागे आधी लागा.

नवखे हमखास चुकतात ते इथे: हे दत्तक नव्हे. मूल सहसा ६ वर्षांपुढचं असतं, त्याला स्वतःची माणसं आठवतात, ते परतही जाऊ शकतं. केंद्र सरकारच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २ वर्षांनी दत्तकासाठी अर्ज करता येतो खरा, पण त्या आशेवर यात उतरू नका. मुलाच्या खर्चासाठीच्या भत्त्याचे बारकावे आत्ता सोडा, ते कक्षातच समजतील.