वालावरच्या अळीसाठी निंबोळी अर्क

भात कापल्यावर खाचरात वाल टोचलाय, तर फुलं दिसू लागताच पानं उलटून बघा. अंडी किंवा बारीक, नखाएवढ्याही नसलेल्या अळ्या दिसल्या की फवारणीची वेळ झाली. अळी शेंगेत शिरल्यावर अर्क तिच्यापर्यंत पोचतच नाही.

पंधरा लिटरच्या पंपाला पाऊण किलो वाळलेल्या निंबोळ्या लागतात. आपल्या कोकणात कडुनिंब कमीच, त्यामुळे निंबोळी बहुतेकदा घाटावरून येते. घेताना फोडून बघा: आतला गर हिरवट-पिवळसर हवा. काळपट, बुरशीचा किंवा वर्षभराचा जुना माल फुकट दिला तरी घेऊ नका. कुटून भरड करा, पीठ नको. पिठाने गाळणं तुंबतं. संध्याकाळी दीड लिटर पाण्यात भिजवा. सकाळी ढवळून दुहेरी फडक्यातून पिळून गाळा, नाहीतर नोझल अडकलाच म्हणून समजा. चोथ्यावर थोडं पाणी घालून पुन्हा पिळा. तीस ग्रॅम साबण वेगळा विरघळवून मिसळा आणि पाणी घालून सगळं मिळून पंधरा लिटर करा. साबण विसरलात तर थेंब पानावरून घरंगळून जातील.

फवारणी त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालूनही. उन्हात अर्काचा जोर लवकर जातो.

दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून घाबरून दुकान गाठू नका. निंबोळी झटक्यात मारत नाही. अळीचं खाणं सुटतं, कात नीट टाकता येत नाही. मोठ्या अळ्या मात्र हातानेच वेचा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारा. दारातल्या करंजाच्या बियांचाही अर्क करतात, पण तो नंतर; आधी निंबोळीवर हात बसू दे.