लेकराची जेनेटिक टेस्ट करावी का?

प्रश्न: माझ्या बहिणीला मामाच्याच घरी दिलंय. पहिलं लेकरू पाचव्या दिवशी गेलं, कशानं ते कळलंच नाही. आता दुसरं दोन दिवस चांगलं दूध प्यायलं अन् एकदम मलूल पडलं, संभाजीनगरला काचेत ठेवलंय. डॉक्टर जेनेटिक टेस्ट म्हणतात, रिपोर्टला महिना लागतो म्हणे. सासरचे म्हणतात कशाला पैसे घालायचे, अन् दोष सगळा बहिणीच्या माथी. काय करावं?
— एक भाऊ, जि. परभणी

उत्तर: दादा, टेस्टसाठी रक्त आजच काढून ठेवायला सांगा, लेकराला रक्त चढवायचं असेल तर त्याच्या आधी. पैशाचं नंतर बघता येईल, डीएनए राखून ठेवला की टेस्ट पुढंही होते.

पण उपचार त्या रिपोर्टसाठी थांबवायचे नसतात. दोन दिवस बरं असलेलं लेकरू दूध सुरू झाल्यावर मलूल पडलं, वर पहिलंही गेलेलं, म्हणजे मेटाबॉलिक आजाराची शंका घ्यायलाच पाहिजे, यात दुधातलं प्रोटीन किंवा साखर शरीराला नीट वापरता येत नाही अन् विषारी पदार्थ रक्तात साठतात. अमोनिया, शुगर, रक्तातलं ॲसिड बघितलं का ते आजच विचारा, अन् असे आजार शोधणारी, टाचेतल्या रक्ताच्या थेंबांवरची टीएमएस टेस्ट पाठवली का तेही. यातले काही आजार वेळेत सापडले तर खास दूध अन् औषधांवर लेकरं जगतात हो.

जेनेटिक टेस्टमधून दरवेळी उत्तर मिळतंच असं नाही, कधी जीनमधला बदल सापडतो पण त्याचा अर्थ लागत नाही, म्हणून आईबापाचंही रक्त सोबत द्या.

अन् बहिणीला दोष देणं साफ चूक आहे. असे बहुतेक आजार आई अन् बाप दोघांकडून एकेक बिघडलेला जीन आला तरच होतात, दर खेपेला २५ टक्के शक्यता. नात्यात लग्न झालं की आजी-आजोबांकडचा तोच जीन दोघांकडं असू शकतो, म्हणजे दाजींचा वाटा बहिणीइतकाच. सासरच्यांना हे डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकवा. नेमका बदल कळला तर पुढच्या खेपेला ११ ते १४ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेऊन गर्भ तपासता येतो. तो माहीत नसेल तर शोधणार काय? सोनोग्राफीत हे आजार सहसा दिसत नाहीत.

मुंबईचं केईएम रुग्णालय अन् हैदराबादचं सीडीएफडी-निम्स (डीएनए तपासणारी संस्था अन् तिच्या जोडीचं रुग्णालय) ही केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणातली उपचार केंद्रं आहेत, यादीतल्या आजाराच्या उपचाराला ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, तुम्हाला हैदराबाद जवळ पडेल. जाताना पहिल्या लेकराचे दवाखान्याचे सगळे कागद सोबत न्या.