साठ लाख, आठ माग आणि फॉर्म्युला वन

प्रश्न : आम्ही इचलकरंजीचे. मुलगा अकरावी सायन्सला आहे, दहावीला ८९ टक्के. तीन वर्षं कोल्हापूरला कार्टिंग (छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यती) करतो. त्याला इंग्लंडला एफ-फोरला, म्हणजे फॉर्म्युला फोर शर्यतींना पाठवायचं ठरवलं आहे. तिथून एफ-थ्री, मग एफ-टू, आणि एफ-टू जिंकलं की फॉर्म्युला वन. आठ माग विकून आणि घरावर कर्ज काढून साठ लाखांची तजवीज होते. घर माझ्या आणि पत्नीच्या नावावर आहे. बँकेत अर्ज दिला आहे. बारावी सतरा नंबरचा फॉर्म भरून करेल. मुंबईचा जेहान दारूवाला जाऊ शकतो तर आमचा का नाही? त्याची जिद्द कळावी म्हणून वहीची पानं जोडली आहेत. – एक पालक

उत्तर : नमस्कार. पैशांकडे नंतर येतो. आधी ती वही.

पानं मुलाची आहेत, पण त्यावर लाल पेन तुमचं आहे. लॅपच्या वेळांना गोल केलेत आणि एकाखाली लिहिलंय, ‘असं चालवायचं असेल तर घरी बस.’ वरच्या कोपऱ्यात त्या दिवसाचा खर्च मांडलाय : टायर, पेट्रोल, ट्रॅकची फी, जेवण. मुलाच्या वहीत तुम्ही उधारीचं खातं लिहिता आहात, साहेब. सोळा वर्षांचा मुलगा वळणावर ब्रेक दाबतो तेव्हा त्याच्या डोक्यात त्या वळणाशिवाय दुसरं काही असता कामा नये. तुमच्या मुलाच्या डोक्यात जेवणाचं बिल असतं. उद्या त्यात आठ माग आणि घर यांची भर पडणार. मग तो एक दिवस म्हणाला, ‘बाबा, मला नाही जमत,’ तर? हे म्हणायची सोय तुम्ही त्याला ठेवलेली नाही. पत्रभर ‘ठरवलं आहे’, ‘तजवीज होते’, ‘अर्ज दिला आहे’. मुलाचं स्वतःचं एक वाक्य नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

आता तुमच्या हिशेबातला मोठा गैरसमज. एफ-टू ही तुम्हाला सीईटीच्या मेरिट लिस्टसारखी वाटते : पहिला नंबर आला की वरची सीट आपली. तसं कधीच नव्हतं. १९८५ साली जुनी फॉर्म्युला टू बंद करून फॉर्म्युला ३००० सुरू झाली. फॉर्म्युला वन टर्बो इंजिनांकडे वळल्यामुळे बाजूला पडलेली कॉसवर्थ कंपनीची तीन लिटरची इंजिनं तिथे कामी आली. ही मालिका २००४ पर्यंत, म्हणजे २० हंगाम चालली. तिचा एकही विजेता पुढे फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला नाही. उलट २००० साली तिथे चौथा आलेला फर्नांडो अलोन्सो पुढे दोनदा झाला. २००५ मध्ये तिच्या जागी जीपी-टू आली. पहिल्या वर्षी निको रोझबर्ग जिंकला, दुसऱ्या वर्षी लुईस हॅमिल्टन. दोघेही पुढे विश्वविजेते झाले आणि ‘इथे जिंकलं की तिथे’ हा समज तेव्हापासून घट्ट बसला. २०१२ चा विजेता दाविदे वालसेकी आणि २०१३ चा फाबियो लायमर यांची नावं कुणी घेत नाही. दोघांनाही फॉर्म्युला वनची एकही शर्यत मिळाली नाही. २०१७ पासून त्याच मालिकेला पुन्हा फॉर्म्युला टू म्हणतात. ऑस्कर पियास्ट्री २०२१ मध्ये पहिल्याच वर्षी जिंकला आणि २०२२ चं अख्खं वर्ष राखीव चालक म्हणून पिटमध्ये उभा राहिला. गंमत म्हणजे, विजेत्याला पुढच्या हंगामात एफ-टू पुन्हा खेळता येत नाही. म्हणजे जिंकलात तर खालचं दार बंद, आणि वरचं उघडेल याची हमी नाही. फॉर्म्युला वनच्या सुपर लायसन्सला ४० गुण लागतात आणि एफ-टूत पहिल्या तिघांत आलं की ते मिळतात, हे खरं. पण लायसन्स म्हणजे गाडीत बसायची परवानगी. गाडी कोण देणार, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

दारूवालाचं उदाहरण तुम्ही दिलंत, तर ते पूर्ण घ्या. २०११ मध्ये फॉर्म्युला वनमधल्या फोर्स इंडिया संघाने देशभरातून मुलं निवडली, त्या तिघांतला तो एक. तेव्हा तो जेमतेम तेरा वर्षांचा होता. २०२० ते २०२३ असे चार हंगाम तो एफ-टू खेळला, पहिली तीन वर्षं रेड बुलच्या ज्युनिअर संघात. २०२२ मध्ये इटलीतल्या माँझाची मुख्य शर्यत त्याने जिंकली. फॉर्म्युला वनची शर्यत मात्र त्याच्या वाट्याला आली नाही, तो विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई-कडे गेला. हे मी त्याला कमी लेखायला सांगत नाही. त्याच्याइतका वेगवान मराठी मुलुखातून दुसरा कोण गेलाय? तरीही हे असं झालं, एवढंच सांगतोय. तुमचा मुलगा सोळाव्या वर्षी कोल्हापूरच्या ट्रॅकवर आहे. या वयाची तिकडची मुलं आठ-आठ वर्षं कार्ट चालवून एफ-फोरमध्ये पोचलेली असतात. पैशांचं म्हणाल तर एफ-फोरचा एक हंगामच कोटींत जातो आणि एफ-टूचा एक हंगाम जाणकार दोन-तीन दशलक्ष युरोंच्या घरात सांगतात. साठ लाखांत पहिला हंगामसुद्धा पुरा होणार नाही. माग जातील, घर अडकेल आणि मुलगा वर्षभरात परत येईल, ‘माझ्यामुळे झालं’ हे मनात घेऊन. माझं स्पष्ट मत : पाठवू नका.

आता त्याच वहीतलं दुसरं अक्षर, पेन्सिलचं, बारीक. तुम्ही त्याला गोल केलेला नाही. ‘मागचा स्प्रॉकेट ८२ चा लावला. वळणातून छान सुटते, पण सरळ पट्ट्यावर इंजिन लवकर वरच्या आरपीएमला जाऊन अडकतं. ८० लावून बघू.’ (८२, ८० हे मागच्या साखळीच्या चाकाचे दाते.) पुढे टायरमधली हवा : गार असताना किती, पाच लॅपनंतर किती, ऊन किती. ही नोंद त्याला कुणी शिकवली? बहुधा कुणीच नाही. एफ-टूत सगळ्यांना सारखीच डालाराची गाडी, सारखंच मेकाक्रोम इंजिन, सारखेच पिरेली टायर मिळतात. शुक्रवारी सरावाला ४५ मिनिटं, मग थेट पात्रता फेरी. एवढ्याशा वेळात हवा, पंख, सस्पेन्शन जुळवून कोण बसवतो, यावर पुष्कळ ठरतं. ते काम इंजिनिअरचं. तुमचा मुलगा पेन्सिलीने त्याच कामाला हात घालून बसलाय.

त्याच्याशी दोन शब्द. बाळा, गाडी चालवायला जास्त आवडतं की ती अशी का चालते हे शोधायला, हे मला तू स्वतः लिही, बाबांना न दाखवता लिहिलंस तरी चालेल. दुसरं असेल तर बारावी नियमित कर, फिजिक्सची प्रॅक्टिकल्स बुडवू नकोस. जेईई, सीईटी हे रस्ते तुला माहीत आहेतच. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सला गेलास तर कॉलेज निवडताना तिथे फॉर्म्युला स्टुडंटचा संघ आहे का ते आधी बघ. मुलं स्वतः एका सीटची गाडी बांधतात आणि सुप्रा, फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांत उतरवतात. आयआयटी मुंबईचा संघ तर आपली इलेक्ट्रिक गाडी घेऊन इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर जाऊन आलाय. आणि चालवायलाच जास्त आवडत असेल तर तेही लिही, लाजू नकोस. महिन्यातून दोन रविवार कार्टिंग अभ्यास सांभाळून होतं.

तुम्हाला शेवटचं. लाल पेन वहीतून काढा, खर्च स्वतःच्या डायरीत लिहा आणि पुढच्या शर्यतीला कुंपणापाशी उभं न राहता मागे चहाच्या टपरीवर बसा. बँकेचा अर्ज या आठवड्यात मागे घ्या. आणि एक विचारायचं राहिलं : घर दोघांच्या नावावर आहे, पण पत्रात मुलाच्या आईचं मत कुठेच नाही. त्यांना विचारलंय का?